दुःखानं झिजलेली सून

या घरात आता माझ्याशिवाय कुणी राहत नाही, आणि तरीही हे लिहायला बसताना मी दार लावून घेतलं. लपवायची सवय अशी लवकर सुटत नाही. ज्यांना हे सांगायला हवं होतं त्या आत्याबाई, माझ्या सासूबाई, गेल्या. त्यांच्यामागे ज्यांना सांगता आलं असतं, त्यांच्यासमोर माझं तोंड उघडलं नाही. तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून तुम्हाला.

याआधीही लिहून पाहिलं होतं. फाडून टाकलं. वाचून पाहिल्यावर लक्षात आलं, की प्रत्येक पानावर मी स्वतःला थोडी बरी करून दाखवत होते. या वेळी तसं करायचं नाही — जमेल का?

मी सोलापुरात एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. पुस्तकं देणं, घेणं, जागेवर लावणं. बोलावं कमी लागतं, म्हणून मला ते मानवलं. आणि मी जाड होते. गुटगुटीत, भरलेली असं काही नाही. जाड. शेअर रिक्षावाला मला बघून म्हणायचा, “मावशी, तुमी मागच्या गाडीत या की.” वन्सं, म्हणजे माझी नणंद, बार्शीहून आल्या की दारातच थांबून म्हणायच्या, “वहिनी, चौकट रुंद करून घ्या बाई, पुढच्या खेपेला अडकाल.” सगळे हसायचे. हेही हसायचे. हे म्हणजे माझे यजमान, शाळेत गणित शिकवायचे. वाईट माणूस नव्हते. फक्त हसायचे.

मी पूर्वी एकदा-दोनदा जेवण कमी करून पाहिलं होतं आणि दर वेळी आठवड्याभरात ते फसलं होतं. मग घरात त्याचीही गंमत व्हायची. म्हणून शेवटच्या खेपेला मी कुणाला सांगितलंच नाही. पुण्याच्या एक बाई मोबाइलवर काय खायचं ते सांगायच्या. साखर बंद. भात बंद. भाकरी बंद — सोलापूरच्या घरात भाकरी बंद! संध्याकाळी मी म्हणायची, कॉलेजात आज कार्यक्रम होता, खाऊन आले. वजनाचा काटा कपाटाखाली चादरीत गुंडाळून ठेवला होता. हे शाळेत आणि आत्याबाई देवळात गेल्या की तो काढायचा.

असं चांगलं चाललं होतं. आणि एके दिवशी शाळेच्या स्टाफरूममध्ये हे खुर्चीवरून खाली कोसळले आणि तिथेच गेले.

मी रडले. ते खोटं नव्हतं. वीस-बावीस वर्षांचा संसार होता. पण एक गोष्ट आहे. दहाव्याच्या आदल्या सकाळी घर पाहुण्यांनी भरलेलं असताना मी खोलीचं दार लावलं, चादर सोडली आणि काट्यावर उभी राहिले. काटा खाली आला होता. मला आनंद झाला. नवरा जाऊन नऊ दिवस झालेल्या बाईला — आनंद. आता हे लिहितानाही तोंडात कडू पाणी येतं.

पण माझा गुन्हा तो नाही. तो पुढे आहे. मी अजून त्याच्याभोवतीच फिरते आहे, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

आमच्याकडे माणूस गेलं की घरात चूल पेटत नाही. शेजारपाजारचे पिठलं-भाकरी आणतात. आणि चौदाव्या दिवशी गोडाचं जेवण करून, घरातल्या प्रत्येकाच्या तोंडात गोड घास घालून, दुखवटा काढतात. आधी विधवेच्या तोंडात. त्या घासानंतर घर पुन्हा खातं-पितं होतं. तशी रीत आहे.

त्या दिवशी शिरा केला होता. तुपात थबथबलेला. वन्संनी घास केला आणि माझ्या तोंडाशी आणला. माझ्या तोंडाला अक्षरशः पाणी सुटलं होतं. पण कितीतरी दिवसांत साखरेचा कण पोटात गेला नव्हता. डोक्यात एकच होतं — आज खाल्लं तर सगळं मुसळ केरात. मी तोंड फिरवलं.

पंगतीत सगळे गप्प झाले.

“बघ की गं आई,” वन्संना हुंदका फुटला. “हिच्या गळ्याखाली घास उतरंना.”

मला तेव्हाच बोलता आलं असतं. नुसतं मान हलवून घास खाता आला असता. शिऱ्याच्या एका घासानं कुणाचं वजन वाढतं? पण त्या सगळ्या बायका माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होत्या, तशी नजर माझ्या वाट्याला जन्मात आली नव्हती. मी खाली बघत राहिले. आणि आत्याबाईंनी आपल्या हातातला घास ताटात ठेवला.

“हिच्या तोंडात गोड जाईस्तोवर मी बी गोडाला शिवायची न्हाय,” त्या म्हणाल्या. “माझा तर लेक गेलाय. हिच्यापरीस माझं दुःख कमी हाय व्हय?”

आत्याबाई मूळच्या जेऊरच्या. शिकलेल्या नव्हत्या, हट्टी होत्या, आणि बोललेला शब्द मोडायच्या नाहीत. गोडाचं तर झालंच. पण मग त्या माझ्या ताटाकडे बघून जेवायला लागल्या. मी भाकरी नको म्हटलं की त्याही नको म्हणायच्या. मी वाटीभर वरण आणि काकडी घेतली की त्या तेवढंच घ्यायच्या. मी म्हणायची, तुम्ही जेवा हो. त्या म्हणायच्या, “तू जेव, मी जेवते.” दोघी समोरासमोर बसायचो. मधे शेंगाच्या चटणीची वाटी, तिला कुणीच हात लावायचं नाही.

फरक एवढाच होता, की त्या घरी बसून खरोखर उपाशी राहायच्या. मी नाही.

पुण्याच्या बाई हुशार होत्या. ताकद टिकली पाहिजे, म्हणायच्या. म्हणून मी ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत, जिथे जुन्या नियतकालिकांचे गठ्ठे असतात, तिथे दुपारी उकडलेली अंडी खायची. बदाम खायची. डब्यातली प्रोटीनची पावडर पाण्यात घुसळून प्यायची. घरात वर्ष पाळायचं होतं, अंड्याचं नावही निघत नव्हतं. म्हणून टरफलं कागदात बांधून पर्समध्ये ठेवायची आणि येताना चौकातल्या कचराकुंडीत टाकायची. एकदा विसरले. दुसऱ्या दिवशी पर्स उघडली तो वास अजून माझ्या नाकात आहे. तो वास माझाच आहे असं मला हल्ली वाटतं.

बारीक होणं म्हणजे काय, ते कुणी धड सांगत नाही. आरशातली बाई सुंदर होत जाईल असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. केस मुठीनं गळायला लागले. दंडाखाली, पोटावर, मांड्यांवर कातडी लोंबायला लागली — पिळून दोरीवर टाकलेल्या टॉवेलसारखी. अंघोळीला बसले की तिच्या घड्या हातानं उचलून धुवाव्या लागायच्या. लाकडी खुर्चीवर बसवेना, बुडाची हाडं टोचायची. तोंडाला एक आंबूस वास यायला लागला. मी वेलची चघळायची. चेहरा दहा वर्षांनी म्हातारा झाला. आणि थंडी! सोलापूरच्या मे महिन्यात, रस्त्यावरचं डांबर पायाला चिकटत असताना, मी पंखा बंद करून चादर पांघरून झोपायची. आत्याबाई घामानं निथळत माझ्या उशाशी बसायच्या आणि माझ्या कपाळावर हात ठेवायच्या. त्यांना वाटायचं, दुःख अंगात मुरलंय.

त्या माझ्या डोक्याला तेल लावायच्या. गळालेले केस गोळा करून मला न दाखवता पदराखाली लपवायच्या. मला कळायचं. मी डोळे मिटून घ्यायची.

आणि लोक? लोक बदलले ते मला सर्वांत आवडलं. हेच तर किळसवाणं आहे. ज्या प्राध्यापकांनी वर्षानुवर्षं माझ्याकडे न बघता पुस्तकाची चिठ्ठी पुढे सरकवली होती, ते आता टेबलाशी रेंगाळायचे. कुणी दार धरायचं. कुणी म्हणायचं, मॅडम, काळजी घ्या. रिक्षावाला मावशीऐवजी ताई म्हणायला लागला. मी विधवा होते, माझ्या कुंकवाची जागा मोकळी होती, आणि मी कपाटाच्या काचेत स्वतःच्या गळ्याची हाडं बघत होते. एकदा वाचनकक्षात एक जाड मुलगी चोरून वडापाव खात होती. मी तिला सगळ्यांदेखत असं बोलले, की ती रडत निघून गेली. नियम होता, हे खरं. पण मी नियमासाठी बोलले नव्हते. तिच्या हनुवटीवरचं तेल बघून मला शिसारी आली होती.

कॉलनीत माझं नाव झालं. शेजारच्या लक्ष्मीअक्का, विणकर पद्मशाली घरातल्या, दोन पिढ्या हातमागावर गेलेल्या, आपल्या सुनांना माझ्याकडे बोट दाखवून म्हणायच्या, “नवऱ्याचं दुःख असं असते. शिका जरा.” ज्या वन्सं चौकटीवरून टोमणे मारायच्या, त्या आता आल्या की माझ्या गळ्यात पडायच्या. आणि आत्याबाई — आत्याबाई येईल त्याला सांगायच्या, “माझा लेक गेला, पर मला लेकीवानी सून देऊन गेला. त्याच्यापायी झिजली बगा नुसती.” त्यांच्या आवाजात अभिमान असायचा. त्यांचा स्वतःचा आवाज तोवर बारीक झाला होता.

मला दिसत नव्हतं का? दिसत होतं. त्यांचं पोलकं खांद्यावरून उतरायला लागलं होतं. त्यांच्या दंडाची कातडी माझ्यासारखीच लोंबत होती. एका पाहुणीनं तर म्हटलंही, “दोघी सख्ख्या बहिणी दिसताय आता.” मला त्या बाईचा राग आला. माझी तुलना म्हातारीशी केली म्हणून.

आता ती दुपार सांगते. याच्यासाठीच एवढा वेळ घेतला.

रविवार नव्हता, कॉलेज लवकर सुटलं होतं. मी नुकतीच घरी आले होते. आत्याबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. समोर ताकाचा तांब्या. त्यांनी मला जवळ बसवलं. म्हणाल्या, “सुरेखा, खरं सांग पोरी. तुला खरंच खावं वाटंना का? का दुसरं काय हाय? काय बी असू दे. मी रागवायची न्हाय.”

त्यांना काही संशय आला होता का? मला आजही ठरवता येत नाही. कदाचित त्या थकल्या होत्या. कदाचित त्यांना मी नुसतं कारण द्यावं, कुठलंही, म्हणजे त्यांना जेवता येईल, असं वाटत होतं. मी एवढंच म्हणायला हवं होतं — आत्याबाई, मी मुद्दाम कमी खातेय, बारीक व्हायचं म्हणून. त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या. कपाळावर हात मारून घेतला असता. आणि मग उठून स्वतःसाठी भाकरी थापली असती. त्यांचा जीव त्या एका वाक्यावर होता. ते वाक्य माझ्या तोंडाशी होतं.

मी म्हणाले, “नाही हो आत्याबाई. इच्छाच मेलीय. घास पुढे आला की हेच दिसतात.”

त्यांनी माझा हात घेतला आणि आपल्या गालाला लावला. मी हात साबणानं दोनदा धुतले होते, तरी माझ्या बोटांना अंड्याचा वास होता. मला तो येत होता. त्यांना आला नसेल? ताकाचा तांब्या त्यांनी बाजूला सरकवला.

हे वाक्य मी का बोलले? भीती वाटली म्हणून? लाज वाटली म्हणून? नाही. त्याच सकाळी कॉलेजात नवीन आलेल्या एका बाईंनी मला विचारलं होतं, की तुम्ही पहिल्यापासून अशाच सडपातळ आहात का. ते शब्द मी तेव्हापासून जिभेवर घोळवत होते. खरं सांगितलं असतं तर मी पुन्हा तीच — खादाड, हसण्याजोगी, आणि वर नवऱ्याच्या सुतकात नखरे करणारी. मला दोन्ही हवं होतं. बारीक अंगही आणि त्याच्यावरचं पुण्यही.

पावसाळा संपता संपता आत्याबाई न्हाणीत पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून विचारलं, “यांना घरी खायला मिळत नाही का?” मी मान खाली घातली. माझ्या अंगाकडे बघून त्यांनी पुढे काही विचारलं नाही. फक्त म्हणाले, ऑपरेशनच्या आधी अंगात ताकद यायला हवी, काहीही करा पण यांना खाऊ घाला.

मी शिरा करून नेला. खरंच त्यांना खाऊ घालायचं म्हणून नेला होता. चमचा तोंडाशी धरला. त्यांनी डोळे उघडले. म्हणाल्या, “आधी तू.”

मी चमचा स्वतःच्या तोंडात घातला. त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू आलं — त्यांचा लेक गेल्यापासून मी ते बघितलं नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं. मी त्यांना एक घास दिला, मग दुसरा. माझा घास अजून माझ्या गालातच होता. तूप वितळून जिभेवर पसरत होतं, आणि मला — कसं सांगू — माझं सगळं अंग पुन्हा फुगतंय असं वाटलं. मी पाठ फिरवली. पदर तोंडाशी नेला आणि घास पदरात थुंकला.

आवरून वळले तर त्या बघत होत्या.

गिळता आलं नाही असं नव्हतं. हे लिहून ठेवते. घशाला काही झालं नव्हतं, कुठला रोग नव्हता. गिळता आलं असतं.

आत्याबाई रागावल्या नाहीत. त्यांनी हात वर केला, मला वाटतं माझ्या गालापर्यंत न्यायला, पण तो तिथवर पोचला नाही. “राहू दे,” त्या म्हणाल्या. “बळंच नगं खाऊ. कळतंय मला. न्हाय उतरत.” आणि त्यांनी वाटी दूर सारली. माझी समजूत काढत — माझी! त्यानंतर त्यांनी तोंड उघडलं नाही. छातीत कफ भरला. ऑपरेशनची वेळ आलीच नाही.

आणि मग मला खरं दुःख झालं. तेव्हा कळलं, की खऱ्या दुःखात मला भूक लागते.

स्मशानातून सगळे परतले तेव्हा लक्ष्मीअक्कांनी पिठलं-भाकरी आणली होती. मी खाल्ली. अजून मागून घेतली. चौदाव्याला वन्संनी घास पुढे केला आणि मी तो त्यांच्या बोटांसकट तोंडात घेतला. पंगत गप्प झाली — याही खेपेला. नंतरचे महिने मी सारखी खात होते. आत्याबाईंच्या जागेवर भिंतीला टेकून, त्यांच्याच परातीत भाकरी कुस्करून, रडत आणि खात. केस पुन्हा यायला लागले. कातडी भरली. थंडी गेली.

“अंगावर मास आलं की,” लक्ष्मीअक्का परवा जिन्यात सुनेला म्हणाल्या, मला ऐकू जाईल असं. “सासूची कटकट संपली ना. दुःख होतं ते नवऱ्यापुरतं.”

वन्संचा शेवटचा फोन आला तेव्हा त्या थोडंच बोलल्या. “वहिनी, तब्येत सुधारली म्हणं तुमची. असू दे. आईनं तुमच्यापायी जीव टाकला, एवढं ध्यानात ठेवा म्हणजे झालं.” त्यांना ते टोमणा म्हणून बोलायचं होतं. त्या किती खरं बोलल्या, ते त्यांना माहीत नाही. त्यांनी फोन ठेवला, मग मी ठेवला.

आई गेल्याचं मला काही वाटलं नाही, असं त्या समजतात. तेवढं खोटं आहे. बाकी त्या उद्या समोर उभ्या राहून म्हणाल्या, की तुम्ही माझ्या आईला मारलंत, तर मी नाही म्हणणार नाही.

पण मी आपणहून त्यांना सांगायला गेलेले नाही. बार्शीची एसटी दर तासाला सुटते.